आधी आसनगाव, मग लिलोंग्वे: परदेशातलं मदतकार्य कॅमेऱ्यात टिपायला निघालेल्यांसाठी

आफ्रिकेतल्या मलावीहून (लिलोंग्वे ही तिथली राजधानी) पहिल्यांदा परत आले तेव्हा माझ्याकडे २१४ क्लिप होत्या. नौपाड्यातल्या एका मैत्रिणीच्या घरी आम्ही त्या बघायला बसलो. ती एडिटर. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं खुर्ची मागे सरकवली आणि विचारलं, "अगं, यात काम कोण करतंय?"

"म्हणजे?"

"पोरं दिसतायत, आया दिसतायत, रांग दिसतेय, पोती दिसतायत. पोतं उचलणारा कुठाय? बाळाचा दंड मोजणारी बाई कुठाय? तिचा नुसता हात आहे."

मोजून पाहिलं. आरोग्यसेविकेचा चेहरा सहा क्लिपमध्ये होता, त्यातल्या दोन फोकसबाहेर. पंधरा दिवस मदतकार्याच्या नावाखाली मी गरिबीचे फोटो काढत बसले होते, हे तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

दर दोन-तीन महिन्यांनी ठाण्यातलं, कळव्यातलं, ऐरोलीतलं कुणीतरी विचारतं, "मॅडम, संस्थेबरोबर आफ्रिकेत शूटला जायचंय, कसं जमवायचं?" प्रत्येकाला तेच सांगून झालं, म्हणून एकदाचं लिहून काढते. पायऱ्या ज्या क्रमानं चढाव्या लागतात त्याच क्रमानं दिल्या आहेत. काही पायऱ्या दोन ओळींत संपतील, काहींवर मी रेंगाळणार आहे.

पहिली पायरी: कसारा लोकल

काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी आपली गत. ठाण्याहून कसारा किंवा आसनगाव लोकल पकडा, आसनगावला उतरा, पुढे शहापूरकडे शेअर रिक्षा. दिवाळीनंतर पावसापर्यंत या पट्ट्यात आणि भिवंडीच्या बाजूला वीटभट्ट्या चालतात. मालकाकडून पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायला कातकरी कुटुंबं मुलाबाळांसकट भट्टीवर येऊन राहतात. या मुलांसाठी काही ठिकाणी भोंगाशाळा, म्हणजे भट्टीवरच झोपडीत भरणाऱ्या शाळा, चालवल्या गेल्या. शिकवणारी ताई, आरोग्य तपासणीला येणारी आशा, कामगारांचे हिशेब तपासून देणारा कार्यकर्ता, हे सगळं मदतकार्यच आहे. त्यासाठी पासपोर्ट लागत नाही.

एकट्यानं कॅमेरा गळ्यात घालून भट्टीवर जाऊ नका. तुम्ही फोटो काढून संध्याकाळच्या लोकलनं घरी याल. त्या कुटुंबाला मात्र रात्री मालकासमोर उभं राहायचंय: कोण होती ती, काय विचारत होती? तिथे नेहमी येणाऱ्या माणसाबरोबर जा. पहिल्या फेरीत कॅमेरा बॅगेतच राहू द्या. दुसऱ्या फेरीत काढा. तिसऱ्या फेरीला प्रिंट घेऊन जा, चार बाय सहाच्या, स्टेशनजवळच्या कुठल्याही स्टुडिओत मिळतात. मी दिलेला एक फोटो वर्षभरानं त्याच बाईच्या गावच्या घरी पाहिला. दुधाच्या पिशवीत गुंडाळून कुडाच्या फटीत खोचून ठेवला होता. नवऱ्याबरोबरचा तिचा तेवढा एकच फोटो.

तिथून पुढे मोखाडा-जव्हार. आता हा भाग पालघर जिल्ह्यात आहे, पण १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. १९९२ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं आणि तेव्हापासून या डोंगरात कॅमेरे येतात आणि जातात. इथल्या लोकांनी आपल्यासारखे पुष्कळ पाहिलेत. अंगणवाडीताईबरोबर एक पूर्ण दिवस घालवा. तिच्याकडे दंडाचा घेर मोजायची एक पट्टी असते, लाल-पिवळी-हिरवी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली भरला की पट्टी लाल दाखवते. ते मूल 'सॅम', म्हणजे तीव्र कुपोषित. साडेअकरा ते साडेबारा पिवळं, म्हणजे 'मॅम', मध्यम कुपोषित. ही पट्टी लक्षात ठेवा, पुढे पुन्हा भेटणार आहे.

गृहपाठ: त्या ताईच्या दिवसावर तीन मिनिटांची फिल्म करा. रडणारं मूल नको, करुण बासरी नको. झाली की तिलाच दाखवा. "हो, असंच असतं आमचं," असं ती म्हणाली तर पुढची पायरी. "माझं रजिस्टर कुठे दाखवलंत?" असं म्हणाली तर परत जा आणि रजिस्टर दाखवा. तिचा अर्धा दिवस त्यातच जातो.

दुसरी पायरी: कुणाबरोबर जायचं

त्या देशात आधीपासून काम करणारी आणि तिथलीच माणसं कामावर ठेवणारी संस्था शोधा. भारतीय संस्थाही आहेत. १९७५ साली सुरू झालेली जयपूरची भगवान महावीर विकलांग सहाय्यता समिती परदेशात जयपूर फूटची शिबिरं घेत आली आहे. संस्थेला पहिला प्रश्न हा विचारा: "ही फिल्म कोण बघणार?" देणगीदार बघणार असतील तर तसं स्पष्ट सांगू देत. त्यात वावगं काही नाही, फक्त आपल्याला ठाऊक असावं.

कागदावर करार करा, ओळखीची संस्था असली तरी. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटोग्राफर हा पहिला मालक असतो खरा, पण पैसे देऊन कुणी फोटो काढून घेतले आणि वेगळं काही ठरलेलं नसलं, तर मालकी काम देणाऱ्याकडे जाते. लग्नाच्या फोटोंना आपण हा विचार करत नाही. इथे करायला हवा, कारण पाच वर्षांनी तेच मूल एखाद्या भलत्याच पोस्टरवर दिसू शकतं. फोटो कशासाठी, किती वर्षं, कुठे वापरायचे आणि काढून टाकायची वेळ आली तर कुणाला सांगायचं, एवढं लिहून घ्या. विमा कोण काढणार तेही. फुकट काम करायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. पण तिथल्या दुभाष्याला आणि ड्रायव्हरला फुकट राबवायचं नाही, त्यांची रोजची मजुरी आधी ठरवा.

तिसरी पायरी: लस, व्हिसा आणि कस्टम्स

टुरिस्ट व्हिसावर जाऊन शूट करू नका. संस्थेचं पत्र जोडून त्या देशाच्या दिल्लीतल्या उच्चायुक्तालयाला किंवा वकिलातीला विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

पीतज्वराची लस. मलावी स्वतः पीतज्वराच्या देशांत मोडत नाही, पण मुंबईहून जाताना बहुतेक वेळा अदिस अबाबा किंवा नैरोबीत विमान बदलावं लागतं आणि इथिओपिया-केनिया त्या यादीत आहेत. ही लस गल्लीतल्या डॉक्टरकडे मिळत नाही, सरकारमान्य केंद्रावरच मिळते, तिथेच पिवळं कार्ड देतात. टोचल्यापासून दहा दिवसांनी ते लागू होतं आणि २०१६ पासून जन्मभर चालतं. कार्डाशिवाय यादीतल्या देशातून परतलात तर आपलीच विमानतळावरची मंडळी सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्याआधी सुरू करा आणि परतल्यावरही सांगितलेले दिवस घ्या. घरी आल्यावर गोळ्या सोडणारे पुष्कळ असतात आणि आजारी पडणारे बहुधा त्यांच्यातलेच.

कॅमेरे नेताना मुंबई विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. नाहीतर परतताना "हे तिकडून आणलंत ना?" असं विचारून ड्युटी मागतील. प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर टाइप केलेली यादी आणि बिलांच्या झेरॉक्स हव्यात. वस्तू प्रत्यक्ष दाखवावी लागते, म्हणून कॅमेरे हातातल्या बॅगेत ठेवा आणि तासभर जास्तीचा वेळ घेऊन निघा. घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांनी दोन तास.

चौथी पायरी: बॅग

इथे फार लिहीत नाही, कारण नवखे लोक सगळा वेळ इथेच घालवतात. दोन बॉडी, म्हणजे एक बंद पडली तरी काम चालू. एक ३५ एमएमची लेन्स, एक २४-७०. टेलिफोटो घरी ठेवा. लांबून चोरून काढायचा मोह तिच्याबरोबरच येतो.

पैसे आवाजावर खर्च करा. कॉलरचे दोन माइक, एक शॉटगन माइक, त्याला वाऱ्यासाठी केसाळ टोपी. चित्र थोडं हललं तरी लोक बघतात, आवाज फाटला तर उठून जातात. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत, हातातच ठेवा. शंभर वॉट-अवरच्या वरच्या बॅटरीला विमान कंपनीची परवानगी लागते. मलावीत वीज आपल्यासारखीच ५० हर्ट्झची, म्हणून २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवलं की ट्यूबलाइट फडफडत नाही. प्लग मात्र ब्रिटिश, तीन चौकोनी पिनांचा. वीज जाते, आणि जाते ती आपल्या एमएसईबीच्या जुन्या दिवसांसारखी जाते, म्हणून गाडीतून चार्ज करायची सोय हवी.

पाचवी पायरी: पोहोचल्यावर दोन दिवस काही काढायचं नाही

मी दुसऱ्यांदा गेले ती मलावीच्या दक्षिणेतल्या फलोम्बे भागात. मार्च २०२३ मध्ये फ्रेडी चक्रीवादळानं हा भाग उद्ध्वस्त केला होता. फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाच्या बाजूला जन्मलेलं ते वादळ अख्खा हिंदी महासागर ओलांडून आलं आणि ३६ दिवस टिकलं. इतकं दीर्घायुषी उष्णकटिबंधीय वादळ आजवर नोंदलं गेलेलं नाही. चिखलाचे लोंढे डोंगरावरून घरांवर आले होते. आपल्याकडे माळीण किंवा इर्शाळवाडी म्हटलं की जे डोळ्यांसमोर येतं, तेच.

गावात पहिलं काम मुखियाला भेटणं. तिकडे त्याला 'म्फुमू' म्हणतात. त्याच्या अंगणात बसायचं, आपण कोण, कशाला आलो, किती दिवस राहणार, हे दुभाष्यामार्फत सांगायचं. घाई केली की दार बंद. नमस्काराची चिचेवा भाषा आधीच पाठ करा: "मुली ब्वांजी?" म्हणजे कसे आहात. (यात मुलींचा काही संबंध नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मागे वळून पाहिलं होतं.) "झिकोमो" म्हणजे धन्यवाद. वस्तू देता-घेताना उजवा हात पुढे, डावा त्याच्या कोपराला लावलेला. भारतीय दिसलात की पोरं "अम्वेन्ये!" म्हणून ओरडतील. भारतीयांसाठीचा तिथला रोजचा शब्द आहे तो. हसून पुढे जा.

पावसाळा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. मका एप्रिल-मेमध्ये निघतो, म्हणून डिसेंबर ते मार्च घरातली कणगी रिकामी असते. जूनमध्ये काढलेला भरल्या अंगणाचा फोटो आणि फेब्रुवारीतला रिकाम्या कणगीचा फोटो एकाच घराचे असू शकतात. तुम्ही कोणत्या महिन्यात गेलात हे फिल्ममध्ये सांगितलंच पाहिजे.

सहावी पायरी: होकार

माझं सगळ्यात जास्त चुकलं ते इथे.

धान्यवाटपाच्या रांगेत मी एका बाईला विचारलं, फोटो काढू का? दुभाष्यानं विचारलं, तिनं मान हलवली, मी काढला. संध्याकाळी दुभाष्या म्हणाला, "तुम्ही पोत्याच्या शेजारी उभ्या होतात. तिला वाटलं, नाही म्हटलं तर यादीतून नाव जाईल." रेशनच्या दुकानात, हातात कार्ड घेऊन उभं असताना मला कुणी विचारलं असतं तर मीही मान हलवली असती.

तेव्हापासूनचे माझे नियम. वाटप चालू असताना कुणाचा होकार मागायचा नाही. वाटप करणाऱ्यानं मागायचा नाही, मीही त्यांच्या संस्थेचा टी-शर्ट घालून मागायचा नाही. माणूस घरी गेल्यावर, बसल्यावर, आदल्या दिवशी काढलेला एखादा फोटो स्क्रीनवर दाखवून विचारायचं: हा असा फोटो, अमुक ठिकाणी, अमुक लोक बघतील. तुमचं नाव लिहायचं का? गावाचं? आणि न चुकता एक वाक्य: "नाही म्हणालात तरी तुम्हाला मिळणाऱ्या मदतीत काही फरक पडणार नाही." दुभाष्याकडून ते आधी घोकून घ्या, नाहीतर तो गाळतो. होकार कागदावर अंगठा घेऊन घेण्यापेक्षा कॅमेऱ्यावर बोलून घ्या, त्यांच्या भाषेत. "नाही म्हणायचं झालं तर काय सांगाल?" असंही विचारा. उत्तर आलं तर माणसाला नीट कळलंय.

मुलांच्या बाबतीत आई-बापाचा होकार तर हवाच, आणि मूल तोंड फिरवत असेल तर तो त्याचा नकार. आपल्याकडे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणं २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार गुन्हा आहे. ठाण्यात जो चेहरा झाकावा लागला असता तो मलावीत उघडा का टाकायचा? एचआयव्ही, अत्याचार, अनाथपण यातलं काही असेल तर चेहरा, नाव, शाळेचा गणवेश, घराचं ओळखू येणारं दार, सगळं टाळा. फोनचं आणि कॅमेऱ्याचं जीपीएस बंद.

हा सगळा वाद नवा नाही. ऑक्टोबर १९८४ मध्ये इथिओपियातल्या कोरेमच्या छावणीतून बीबीसीवर आलेल्या दुष्काळाच्या दृश्यांनी जग हललं. ती टिपणारा मोहम्मद अमीन हा नैरोबीत जन्मलेला, मूळ पंजाबी घराण्यातला कॅमेरामन. पुढच्या जुलैत दुष्काळग्रस्तांसाठी 'लाइव्ह एड' ही गाण्यांची मैफल झाली, पैसा वाहिला. त्याचबरोबर आफ्रिका म्हणजे माशा बसलेलं मूल, हेही लोकांच्या डोक्यात घट्ट बसलं. रेडक्रॉस आणि मदतसंस्थांच्या १९९४ च्या आचारसंहितेतलं दहावं तत्त्व याबद्दलच आहे: आपद्ग्रस्तांना प्रसिद्धीत हतबल वस्तूंसारखं नाही, सन्मान असलेल्या माणसांसारखं दाखवायचं. अमीनला मी दोष देत नाही, त्याच्यासमोर लोक मरत होते. आपण बहुतेक वेळा तशा ठिकाणी नसतो, तरी फ्रेम मात्र तीच शोधत राहतो.

सातवी पायरी: प्रत्यक्ष शूट

मलावीत गावपातळीवर हेल्थ सर्व्हेलन्स असिस्टंट असतात, सगळे 'एचएसए' म्हणतात. सरकारी गणित हजार लोकांमागे एक, आपल्या आशाताईसारखंच. फलोम्बेत मी एका एचएसए बाईंबरोबर चार दिवस फिरले. सकाळी सहाला त्या सायकलला हवा भरायच्या, मागे औषधांची पेटी बांधायच्या, मग निघायच्या. आंब्याच्या झाडाखाली फांदीला काटा टांगून बाळांची वजनं. आणि त्यांच्या खिशातून निघाली ती तीच पट्टी, लाल-पिवळी-हिरवी. मोखाड्यातली आणि ही, एकच. मी फोनवर अंगणवाडीताईचा फोटो दाखवला, तिच्याही हातात पट्टी. बाईंनी फोन हातात घेऊन झूम केला आणि म्हणाल्या, "ही फार घट्ट ओढतेय." खरंच ओढत होती.

लाल निघालेल्या बाळाला शेंगदाण्याच्या पेस्टचं पाकीट मिळतं, 'चिपोंडे'. अशा बाळांवर इस्पितळात न ठेवता घरीच या पेस्टनं उपचार करायची पद्धत ज्या देशांत आधी रुजली त्यात मलावी येतो. म्हणजे जगाला शिकवण्यासारखं काहीतरी या गरीब देशात झालंय. हे फिल्ममध्ये नसेल तर फिल्म अर्धी.

आता शॉट. प्रत्येक कामाचे पाच: जागा, माणूस, चेहरा, हात, आणि ते हात ज्याकडे बघतायत ते. प्रत्येक शॉट दहा सेकंद, मनात मोजून, हात स्थिर. प्रत्येक जागेचा नुसता आवाज एक मिनिट. एडिटर तुमचे पाय धरेल. काम करणाऱ्याचा चेहरा आलाय ना, हे रोज दुपारी तपासा. मी हातावर पेननं लिहून ठेवते: 'कोण?'

उजेड. भर उन्हात आभाळासमोर उभा केलेला काळा चेहरा नुसती सावली होतो आणि कॅमेऱ्यावर सोडलं तर तो आभाळाचं ऐकतो. झाडाच्या किंवा ओसरीच्या सावलीत आणा, एक्स्पोजर चेहऱ्यावर घ्या, आभाळ जळलं तर जळू द्या. आणि एडिटमध्ये उजळवू नका. लग्नाच्या अल्बमात "नवरीला जरा गोरं करा" ऐकून ऐकून आपला हात आपोआप स्लायडरकडे जातो, तो आवरा.

मुलाखतीत दुभाष्याला कॅमेऱ्याच्या शेजारी, लेन्सच्या उंचीवर बसवा, म्हणजे बोलणाऱ्याची नजर तिथे राहते. तुम्हीही खाली बसा. माणूस चार मिनिटं बोलतो आणि दुभाष्या सांगतो, "ती खूश आहे." हे होतंच. तेव्हा भांडू नका. रात्री किंवा परतल्यावर दुसऱ्या एखाद्या चिचेवा जाणणाऱ्याकडून शब्दन् शब्द उतरवून घ्या. माझ्या एका मुलाखतीतली 'खूश' बाई प्रत्यक्षात सांगत होती की मका आला, पण दळायला पैसे नाहीत. ते वाक्य फिल्मचा कणा झालं.

आठवी पायरी: रात्र

जेवणाआधी कार्ड दोन हार्ड डिस्कवर उतरवा, दोन्ही वेगवेगळ्या बॅगांत. त्यातली एक ड्रायव्हरकडे किंवा सहकाऱ्याकडे. कार्ड पुसायचं नाही. मग मथळे: कोण, कुठे, कधी, काय चाललं होतं, होकार कशापुरता. "एक गरीब महिला" असं लिहायची वेळ आली तर तुम्ही नाव विचारलेलं नाही. सकाळी विचारा.

नववी पायरी: परत आल्यावर

पहिला कट संस्थेला दाखवायच्या आधी तिकडे पाठवा, व्हॉट्सअॅपवर जाईल इतका लहान करून. कुणी "माझं नको" म्हणालं तर काढा, कितीही सुंदर शॉट असो. आम्ही ठाण्यात चाळीसेक लोकांना फिल्म दाखवली, तेव्हा एका काकांनी विचारलं, "पण यात गरिबी फारशी दिसली नाही हो." मला बरं वाटलं, संस्थेला जरा काळजी वाटली. अशा वेळी करार उपयोगी पडतो.

प्रिंट पोस्टानं पाठवू नका, तिकडे जाणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत द्या. लॅमिनेट करून, कारण नोव्हेंबरात पाऊस सुरू झाला की कागद टिकत नाही. मागे प्रत्येकाचं नाव. मी एचएसए बाईंना सायकलसकट त्यांचा मोठा फोटो पाठवला होता. महिन्याभरानं त्यांचा व्हॉइस मेसेज आला. फोटो आवडला, दवाखान्याच्या भिंतीवर लावलाय, पण मागचं चाक बसलेलं आहे आणि ते आता सगळ्या गावाला दिसतंय. पुढच्या वेळी येताना पंक्चर काढायची ट्यूब आणि सोल्युशन घेऊन ये, त्यांच्याकडे चांगलं मिळत नाही.